पोटातला गोळा: आधी ओळख, मग उपचार

पोटात गोळा लागला की मावळात अजूनही कुणी बेंबी बसवून घेतं, कुणी पोट चोळून घेतं. दवाखान्यात मात्र पहिली सूचना वेगळीच मिळते: लघवी करून या. तुंबलेली लघवीची पिशवीही हाताला गोळ्यासारखीच लागते. बाईमाणूस असेल तर गरोदरपणाची तपासणीही आधीच उरकतात.

मग डॉक्टर हाताने जागा हेरतात. उजव्या बरगडीखालचा गोळा श्वासाबरोबर खाली सरकला तर यकृताचा संशय, डावीकडे प्लीहेचा. उजव्या ओटीपोटात अपेंडिक्स, आतड्याचा क्षयरोग किंवा कर्करोग असू शकतो. मधोमध खाली गर्भाशयाची किंवा अंडाशयाची गाठ. खोकताना फुगतो तो बहुधा हर्निया. नाडीसारखा उडणारा गोळा महाधमनीचा असू शकतो; तिथे वेळ दवडायचा नाही.

पुढची पायरी सोनोग्राफी. गाठ कुठून निघाली, भरीव आहे की पाण्याची, हे त्यात बरंचसं कळतं. गाठ किती पसरली, रक्तवाहिन्यांना चिकटली का, हे सीटी स्कॅन दाखवतं. आतड्याचा संशय असेल तर दुर्बिणीने पाहून तुकडा तपासायला पाठवतात.

“सुई घालून लगेच का बघत नाही?” असं नातेवाईक विचारतात. कारण सगळ्याच गाठींना सुई चालत नाही. कुत्र्याच्या विष्ठेतून पसरणाऱ्या हायडॅटिड कृमीची गाठ पाण्याने भरलेली असते. मेंढ्यांमागे कुत्री घेऊन हिंडणाऱ्यांमध्ये ही शक्यता ध्यानात ठेवावी लागते. तयारीविना सुई घातली आणि पाणी पोटात सांडलं, तर जिवावर बेतणारी ॲलर्जी होऊ शकते, नव्या गाठीही धरतात. अंडाशयाच्या संशयास्पद गाठीलाही सहसा सुई लावत नाहीत. कर्करोग असला तर पेशी सांडू शकतात.

उपचार निदानावर ठरतो. क्षयरोगाला साधारण सहा महिने गोळ्या. सरकारी दवाखान्यात त्या मोफत मिळतात. गर्भाशयातल्या त्रास नसलेल्या फायब्रॉइडवर अनेकदा नुसती नजर ठेवतात. अपेंडिक्सभोवती गोळा धरला असेल तर बऱ्याचदा आधी प्रतिजैविकं देतात. हायडॅटिडला अल्बेंडाझोल आणि गरजेप्रमाणे शस्त्रक्रिया. कर्करोगात शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी यांचा क्रम गाठीच्या जातीवर आणि फैलावावर ठरतो.

लोणावळा-पुणे लोकलच्या वाटेवर तळेगाव दाभाड्याला मायमर वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे आणि शेवटी पुण्याला ससून. शस्त्रक्रिया ठरली तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ती बसते का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारावं. रेशनकार्ड आणि आधार जवळ असू द्यावं.

ताप, उलट्या, शौचातून रक्त, कावीळ, घटणारं वजन किंवा अचानक असह्य दुखणं असेल तर त्याच दिवशी निघावं. लहान मुलाच्या पोटात गाठ लागली तर ती पुन्हापुन्हा दाबून पाहू नये. मूत्रपिंडाचा कर्करोग असेल तर गाठ फुटण्याचा धोका असतो. आणि गोळा कुणाचाही असो, निदान होईपर्यंत पोट चोळू नये.