चवळी, भाकरी आणि गाणं : 'सोल फूड'च्या हॉटेलातून आपण काय घ्यायचं?

रविवारची दुपार. चर्च सुटलेलं. ठेवणीतले कपडे घातलेली माणसं, टोपी सावरणाऱ्या आज्या, त्यांचं बोट धरलेली नातवंडं कोपऱ्यावरच्या हॉटेलात शिरतात. आत तळलेल्या कोंबडीचा वास असतो. एका बाजूला कीबोर्ड आणि ड्रम मांडलेले असतात आणि टेबलांच्या मधून फिरत एक बाई गॉस्पेल गात असते. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय वस्त्यांमधलं हे ओळखीचं चित्र आहे. या हॉटेलांत मिळणाऱ्या जेवणाला 'सोल फूड' म्हणतात. सोल म्हणजे आत्मा. बुद्धाचा धम्म मानणारे आपण आत्मा मानत नाही, पण इथे या शब्दाचा अर्थ 'आपलेपण' असा घेतला तरी पुरे.

हे नाव १९६० च्या दशकात रूढ झालं. सोल संगीत आणि कृष्णवर्णीय अस्मितेची चळवळ यांच्यासोबतच ते आलं. जेवण मात्र त्याच्या कितीतरी आधीचं, थेट गुलामगिरीच्या काळातलं आहे.

ताटात काय असतं?

पद्धत साधी असते. एक मांसाचा पदार्थ निवडायचा आणि सोबत दोन-तीन भाज्या घ्यायच्या. कॉलर्ड नावाचा जाड हिरवा पाला धुरावलेल्या डुकराच्या मांसाबरोबर मंद आचेवर तासन् तास शिजवतात. त्याचं उरलेलं पाणी कोणी फेकत नाही, त्यात मक्याच्या पिठाचा कॉर्नब्रेड बुडवून खातात. कालवणात भाकरी कुस्करणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. चवळी घालून केलेला भात, भेंडी आणि रताळंही असतं. यातली चवळी आणि भेंडी मूळची आफ्रिकेतली. गुलामांच्या जहाजांच्या मार्गाने ती अमेरिकेत पोहोचली.

मळ्यांवर मालक आठवड्याचं मक्याचं पीठ आणि खारवलेलं डुकराचं मांस मोजून देई. जनावराचा जो भाग मालकाच्या ताटात जात नसे, त्याचंही बायकांनी जेवण केलं. डुकराची आतडी स्वच्छ करून शिजवतात, त्यांना 'चिटलिन' म्हणतात. आपल्याकडच्या वजडीची ही बहीणच.

या पदार्थाचं नाव पुढे संगीतालाही मिळालं. गोऱ्यांच्या सभागृहांत कृष्णवर्णीय कलावंतांना दार बंद होतं, तेव्हा ते आपल्या वस्त्यांतल्या क्लबांत, हॉलमध्ये आणि हॉटेलांत गात. अशा जागांच्या साखळीला 'चिटलिन सर्किट' म्हणत. रे चार्ल्स, बी. बी. किंग आणि जेम्स ब्राउन हे सगळे याच वाटेने पुढे आले. म्हणून या हॉटेलातलं गाणं गिऱ्हाईक ओढण्यासाठी नंतर चिकटवलेलं नाही. जेवण आणि गाणं एकाच बहिष्कारातून आलं आहे. गाण्याची रीतही तशीच. गाणारी एक ओळ टाकते आणि बसलेले लोक ती उचलून उत्तर देतात. भीमगीतांच्या कार्यक्रमात रात्र जागवलेल्यांना ही रीत परकी वाटू नये.

अटलांटाचं एक हॉटेल

जेम्स आणि रॉबर्ट पाश्चल या भावांनी १९४७ साली अटलांटात तीस खुर्च्यांचं छोटं हॉटेल काढलं. सुरुवातीला तिथे स्वयंपाकाची सोय नव्हती. कोंबडी घरी तळायची आणि टॅक्सीने दुकानात पाठवायची, असं चाले. पुढे धंदा वाढला, जागा मोठी झाली आणि १९६० साली त्यांनी 'ला कॅरूसेल' हा जॅझ क्लब सुरू केला. तिथे अरीथा फ्रँकलिन आणि डिझी गिलेस्पी यांच्यासारखे कलावंत आले. शहरभर वर्णभेदाचे कायदे असताना या क्लबात काळे आणि गोरे एकाच छताखाली बसून गाणं ऐकत.

त्याच वर्षी १ फेब्रुवारीला ग्रीन्सबरो इथे चार कृष्णवर्णीय विद्यार्थी 'फक्त गोऱ्यांसाठी' असलेल्या काउंटरवर जाऊन बसले आणि दक्षिणेत अशा धरण्यांची लाट उठली. अटलांटाचे विद्यार्थीही तुरुंगात गेले. ते सुटून आले की पाश्चल बंधू त्यांना फुकट जेवू घालत. मुलांची वाट पाहत आईवडील तिथेच बसत. डॉ. मार्टिन ल्यूथर किंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या बैठकाही याच टेबलांवर झाल्या. हॉटेलांतला वर्णभेद बेकायदा ठरवणारा नागरी हक्क कायदा १९६४ साली आला. त्याआधी हक्काने बसता येईल अशी जागा या समाजाने स्वतःच्या कमाईतून उभी केली होती.

हार्लेममध्येही तसंच घडलं. साउथ कॅरोलायनातून आलेल्या सिल्व्हिया वुड्स एका छोट्या हॉटेलात वेट्रेस होत्या. १९६२ साली त्यांनी तेच हॉटेल विकत घेतलं. पैशांसाठी त्यांच्या आईने शेत गहाण ठेवलं. 'सिल्व्हियाज' आजही चालू आहे आणि तिथला रविवारचा गॉस्पेल ब्रंच प्रसिद्ध आहे. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, ते या हार्लेमला लागूनच आहे.

वाद तिथेही आहे

हे चित्र एकरंगी नाही. नेशन ऑफ इस्लामचे एलायजा मुहम्मद यांनी डुकराचं मांसच नव्हे, तर चवळी, कॉर्नब्रेड आणि कॉलर्डसुद्धा गुलामाचं अन्न म्हणून नाकारलं. मीठ आणि चरबीचा आरोग्यावरचा परिणाम हाही तिथे आज चर्चेचा विषय आहे. त्यामुळे काही स्वयंपाकी मांसाशिवाय सोल फूड करतात.

आपल्याला हा वाद ओळखीचा आहे. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडा असं सांगितलं. ते लादलेल्या लाचारीला नकार देणं होतं. त्याचा अर्थ आपल्या आईच्या हातच्या सगळ्याच चवीची लाज बाळगा, असा आम्ही लावत नाही. लादलेलं सोडायचं आणि आपलं म्हणून निवडलेलं उघडपणे खायचं, ही दोन्ही कामं स्वाभिमानाचीच आहेत.

पण वस्तीत काम करताना आम्हाला दिसतं ते वेगळंच. शहरात खोली शोधणारी मुलं घरमालकासमोर आपला स्वयंपाक लपवतात. ऑफिसात डबा उघडताना हात थबकतो. लग्नात पाहुण्यांसमोर पनीर येतं आणि घरचं कालवण मागच्या दाराने वाढलं जातं. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातल्या दलित स्वयंपाकाची नोंद केली. ते ज्ञान पुस्तकात आलं, पण पाटी लावून ते जेवण वाढणारी हॉटेलं किती आहेत?

सोल फूडच्या हॉटेलांकडून घेण्यासारख्या गोष्टी आम्हाला तीन वाटतात. हॉटेलाची मालकी समाजातल्या माणसाची आणि बहुतेक वेळा बाईची असावी. दार सगळ्यांना उघडं असावं. आणि गाणाऱ्याला तिथे मानाची जागा आणि मोबदला मिळावा.

सुरुवात छोटी चालेल. येत्या जयंतीला मंडळाने बाहेरचा केटरर बोलावण्याऐवजी वस्तीतल्या बचत गटाला स्टॉल द्यावा, पदार्थांची खरी नावं फळ्यावर लिहावीत आणि शेजारी वस्तीतल्याच गायकाला माइक द्यावा. त्याचं मानधन वर्गणीच्या हिशोबात आधीच धरावं. पाश्चल बंधूंकडेही पहिल्या दिवशी तीस खुर्च्याच होत्या.