परदेशवारी, बाळाचा ताप आणि 'एक चमचा'

बुलढाणा, खामगाव, मलकापूरकडची कुटुंबेही आता सुट्टीत लहान मुलांना घेऊन दुबई, सिंगापूरला जातात. निघण्यापूर्वी पालक माझ्याकडे औषधे लिहून घ्यायला येतात, तेव्हा मी आधी मुलाचे वजन करतो.

कारण तापाचे पॅरासिटामॉल सगळीकडे मिळते, पण प्रत्येक बाटलीतले प्रमाण सारखे नसते. आपल्याकडेच ५ मिलीत १२५ आणि २५० मिलिग्रॅम अशी दोन्ही सिरप मिळतात. १० किलो वजनाच्या बाळाला एका वेळी १५० मिलिग्रॅम पुरते. म्हणजे पहिल्याचे ६ मिली, तर दुसऱ्याचे फक्त ३ मिली! परक्या शहरात घेतलेली बाटली 'नेहमीचा एक चमचा' म्हणून पाजू नये. जादा मात्रा यकृताला घातक ठरते.

म्हणून पालकहो, घरची बाटली, मापाचे झाकण, ओआरएसची पाकिटे आणि वजन व औषधाचे मूळ नाव लिहिलेली चिठ्ठी हाताशी ठेवा. दोन मात्रांत किमान ४ ते ६ तासांचे अंतर हवे. दिवसातून ४ वेळांपेक्षा जास्त नको. बाळ तीन महिन्यांच्या आतले असेल आणि ताप आला, तर घरी औषध न देता तिथल्या डॉक्टरांना लगेच दाखवा. फिरणे दुसऱ्या दिवशीही होते.