वाटेवरचा बाजार – भाग ६ : कचेरी, खिडकी आणि परतीची लोकल

मागच्या भागात गिरगाव-दादरच्या खानावळी पाहिल्या. घर गावाकडे आणि नोकरी मुंबईत, अशा एकट्या चाकरमान्यासाठी त्या उभ्या राहिल्या. पुढे त्याचा संसार झाला, चाळीतली खोली अपुरी पडू लागली आणि अशी अनेक कुटुंबं रुळांच्या कडेने ठाणे, डोंबिवली, कल्याणकडे सरकली. या गावांत काय खावं, कुठे खरेदी करावी, हे लोक नेहमी विचारतात. माझं उत्तर असं, की आधी ते गाव कशावर जगत आलं ते पाहावं. खाणं आपोआप सापडतं.

ठाणे हे कचेरीचं गाव. जिल्ह्याचं मुख्यालय, कोर्ट, तुरुंग, सगळं स्टेशनपासून फार लांब नाही. सातबाऱ्यासाठी किंवा तारखेसाठी खेड्यातून आलेल्या माणसाला दुपारपर्यंत ताटकळावं लागायचं. त्याला झटकन मिळणारं आणि पोटाला आधार देणारं काहीतरी हवं असायचं. मामलेदार मिसळ तहसीलदार कचेरीच्या आवारात वाढली ती या गरजेतून. तिखट किती हवं ते तिथे आधी सांगायचं असतं. पहिल्यांदा जाणाऱ्याने ‘मध्यम’च म्हणावं, तेही पुरेसं झणझणीत असतं. तिथून मासुंदा तलावाकडे चालत निघालं की कोपिनेश्वराचं देऊळ आणि जांभळी नाक्याचा बाजार लागतो. फुलं, भाजी, पूजेचं सामान, सणासुदीची सजावट इथे घ्यावी, कपड्यांसाठी राम मारुती रोड आणि गोखले रोड गाठावा. मॉलबद्दल मी लिहीत नाही. तिथली दुकानं कुठल्याही शहरात भेटतात.

कल्याणला रेल्वे १८५४ मध्ये पोहोचली, पण बाजार म्हणून ते गाव त्याहून कितीतरी जुनं. कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांत दान देणारे कल्याणचे व्यापारी भेटतात. घाटावरचा माल जुन्नरहून नाणेघाट उतरून कल्याणच्या खाडीतल्या बंदराकडे यायचा. आज नाणेघाटात फिरायला जातात ते ट्रेकर, पण जुन्नर-ओतूरची भाजी आणि झेंडू माळशेज घाट उतरून अजून कल्याणलाच येतात. ज्याला कल्याणचा बाजार खऱ्या अर्थाने पाहायचा आहे, त्याने दसऱ्याच्या आदल्या दिवशी पहाटे बाजार समितीच्या फूलबाजारात जावं. एवढा झेंडू एका जागी पाहिला, की या गावाचं घाटाशी असलेलं नातं समजावून सांगावं लागत नाही.

खाण्यात कल्याणचं नाव निघतं ते खिडकी वड्यासाठी. टिळक चौकाच्या बाजूला वझे कुटुंबाने घराच्या खिडकीतून बटाटेवडे विकायला सुरुवात केली आणि गिऱ्हाईक रस्त्यावर उभं राहू लागलं. जुन्या वस्तीत घरं रस्त्याला अगदी चिकटून असतात, त्यामुळे घरातली कढई सरळ गिऱ्हाइकापर्यंत पोहोचते. हातात गरम वडा घेऊन आजूबाजूच्या गल्ल्यांतून फिरावं. १८६४ साली सुरू झालेलं सार्वजनिक वाचनालयही याच गावातलं. पुस्तकांवर प्रेम असणाऱ्याने तिथे जरूर डोकवावं.

मला सर्वांत जास्त सांगायचं आहे ते डोंबिवलीबद्दल. इथे ना कचेरी, ना बंदर. गाव वाढलं ते सकाळी मुंबईला जाऊन संध्याकाळी परतणाऱ्यांमुळे, म्हणून इथला खरा बाजार लोकल रिकामी झाल्यावर भरतो. नवरा-बायको दोघंही नोकरीला; दोघांपैकी कोणीही साडेसातला उतरलं, तरी घरी पोहोचून कणीक कधी मळणार? पोळी-भाजी केंद्र हे त्याचं उत्तर. इथे पोळ्या मोजून मिळतात, भाजी पिशवीत मिळते, आणि जेवण घरच्या ताटात होतं. खानावळीत माणूस जेवणाकडे जायचा, इथे जेवण माणसाबरोबर घरी जातं. हा बदल मला फार मोलाचा वाटतो. त्यातून मुलांबरोबर बसायला अर्धा तास मिळाला, आणि पोळ्या लाटणाऱ्या कितीतरी बायकांच्या हातात स्वतःचे पैसे आले.

स्टेशनबाहेरच्या भाजीवाल्यांकडेही नीट पाहा. निवडलेली मेथी, मोड आलेली मटकी, सोललेले वाल. बिरडं करायचं तर वाल भिजवून, मोड आणून एकेक सोलायचे, यात दोन दिवस जातात. तेवढे कष्ट कोणीतरी आपल्यासाठी घेतलेले असतात. तिथे भावावरून घासाघीस करू नये, एवढीच माझी विनंती.

फडके रोड मात्र सणाच्या दिवशीच पाहावा. रस्त्याच्या टोकाला १९२४ सालचं गणेश मंदिर आहे. १९९९ मध्ये गुढीपाडव्याची स्वागतयात्रा याच मंदिराने सुरू केली आणि पुढे ती प्रथा गावोगाव पसरली. दिवाळीच्या पहाटे नवे कपडे घालून तरुण मुलं-मुली इथे नुसती एकमेकांना भेटायला जमतात.

पुन्हा स्टेशनबाहेरच्या भाजीवाल्यांकडे वळू. २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्टेशनपासून दीडशे मीटरच्या आत फेरीवाल्यांना मनाई केली. चेंगराचेंगरीची भीती खरी आहे, वाट मोकळी हवीच. पण सोललेले वाल विकणाऱ्या मावशींना त्या दीडशे मीटरच्या पलीकडे, घरी जायच्या वाटेवरच, हक्काची जागा मिळायला हवी. मंडईसाठी दूरचा एखादा मजला बांधून दिला, तर साडेसातला लोकलमधून उतरलेलं गिऱ्हाईक तिथवर जाणार नाही.