टाकीतली हराळी

जत तालुक्यातल्या शेतकऱ्याला हराळीचा स्वभाव समजावून सांगावा लागत नाही. नांगराच्या फाळाने ती तुटते आणि तुटलेल्या कांडीकांडीला पुन्हा मुळे फुटतात. वरवर खुरपले तर ती जात नाही, उलट वावरभर पसरते. खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीतही अशीच एक हराळी असते. तिचे नाव आयप्टेशिया.

समुद्र इथून घाटाखाली, दोनशे किलोमीटरच्या पलीकडे. तरीही पूर्वी कधी शाळेच्या सहलीत मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय पाहून आलेल्या कुणाला तरी वाटतेच, की घरात असा एक छोटा समुद्र असावा. आरओचे पाणी घ्यायचे, लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम मत्स्यटाकीसाठीचे खास मीठ विरघळवायचे, खडक रचायचे, मासे सोडायचे. काही महिन्यांनी खडकाच्या फटीत तपकिरी, काचेसारखे पारदर्शक, नाजूक फूल दिसते. फुकटात फूल आले म्हणून घरचे खूश होतात. पण ते फूल नसते, प्राणी असतो.

आयप्टेशिया हे एक समुद्रफूल, म्हणजे प्रवाळ आणि जेलीफिशचे भावंड. त्याच्या पाकळ्या म्हणजे शुंडके. त्यांत सूक्ष्म दंशपेशी असतात. त्या टोचून ते बारीक जीव पकडते आणि शेजारच्या समुद्रफुलांनाही जाळते. शिवाय त्याच्या अंगात राहणारे शेवाळ प्रकाशावर अन्न तयार करून त्याला देते. त्यामुळे दिव्याखाली ते उपाशी मरत नाही. ते टाकीत येते बहुधा खडकाला चिकटूनच, मुगाच्या दाण्याहून लहान असताना.

तोडाल तर वाढेल

पहिली चूक सगळे हीच करतात. चिमटा घेऊन ते उपटायला जातात. स्पर्श होताच ते क्षणात फटीत आक्रसते. ओढले तर वरचा भाग हाती येतो आणि तळाचा तुकडा खडकावरच राहतो. त्या तुकड्यापासून पुन्हा अख्खे समुद्रफूल तयार होते. कुणी हात लावला नाही तरी ते सरकताना तळव्याचे बारीक तुकडे मागे टाकते आणि त्यांतूनही पिल्ले उगवतात. एकाची वीस होतात ती अशी.

दुसरी चूक औषधाची. माशांच्या रोगावरचे तांबेयुक्त औषध टाकीत ओतले, तर आधी कोळंबी आणि गोगलगायी मरतात.

चुना कामाला येतो

एखाद-दुसरे असेल तर चुना हा साधा उपाय आहे. पानाला लावतो तो चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइडच. मात्र टाकीसाठी सुगंध किंवा मसाला नसलेली शुद्ध पूड घ्यावी. तिची दाट पेस्ट करून, पाण्याचे पंप बंद ठेवून, बिनसुईच्या सिरिंजने हळूच समुद्रफुलाच्या मध्यभागी, तोंडावर सोडावी. ते ती गिळते आणि आतून भाजते. पंधरा मिनिटांनी पंप सुरू करावेत. एका वेळी दोन-चारांनाच चुना द्यावा. जास्त दिल्यास पाण्याचा सामू झपाट्याने चढतो आणि माशांवर बेतते. चुना हाताळताना चष्मा आणि हातमोजे हवेतच.

फार झाली असतील तर शत्रूचा शत्रू शोधावा. द्राक्षबागायतदारांना हे नवे नाही. पिठ्या ढेकणावर आपण ऑस्ट्रेलियातून आलेला क्रिप्टोलिमस भुंगा सोडतोच. टाकीत ते काम लाल पट्ट्यांची पेपरमिंट कोळंबी करते. पण तिच्यासारखीच दिसणारी दुसरी एक कोळंबी प्रवाळ कुरतडते, म्हणून ओळखूनच घ्यावी. बर्गिया नावाची बिनशंखाची, दोनेक सेंटिमीटरची समुद्री गोगलगाय तर आयप्टेशियाशिवाय दुसरे काही खात नाही. त्यामुळे तण संपले की ती उपाशी मरते. काम झाल्यावर ती दुसऱ्याच्या टाकीत द्यावी.

या सगळ्याबरोबर माशांचे खाणे आवरावे. उरलेले अन्न कुजून जे नायट्रेट वाढते, ते या तणाचे खत. बोअरचे पाणी तसेच ओतले तर त्यातले नायट्रेटही त्यात भर घालते.

खडक कधीही उकळू नका

आता सर्वांत महत्त्वाचे. वैतागून कुणी म्हणते, खडकच काढून पातेल्यात उकळू. हे जिवावर बेतू शकते. त्याच खडकावर झोअँथिड जातीची बटणासारखी समुद्री जनावरे असू शकतात. त्यांच्यातल्या काहींत पॅलीटॉक्सिन हे अतिशय जहाल विष असते. हवाईतल्या शास्त्रज्ञांनी ते १९७१ साली वेगळे केले. उकळल्याने ते नष्ट होत नाही. वाफेबरोबर बारीक कण हवेत जातात आणि श्वासातून शरीरात शिरतात. असे खडक उकळल्यामुळे अख्खी कुटुंबे रुग्णालयात दाखल झाल्याच्या नोंदी परदेशात आहेत. ब्रशने खसाखसा घासणेही तितकेच धोक्याचे. टाकीचे काम केल्यावर ताप, खोकला, धाप, अंगदुखी, डोळ्यांची आग किंवा तोंडाला कडवट, धातूसारखी चव जाणवली, तर उघड्यावर या, डॉक्टरांकडे जा आणि टाकीचे काम केल्याचे आवर्जून सांगा. नाहीतर साधा फ्लू समजून वेळ जातो.

हाताला जखम असताना टाकीत हात घालू नये. मायकोबॅक्टेरियम मरायनम हा क्षयजंतूच्या कुळातला जंतू तिथे असू शकतो. बोटावर आलेली गाठ काही आठवड्यांत बरी झाली नाही, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावी. त्यावर काही महिने औषध घ्यावे लागते.

आधीच सावध

नवा खडक घेताना कृत्रिम, कोरडाच घ्यावा. खरे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहेत. ते गोळा करणे किंवा विकत घेणे गुन्हा ठरतो. नवा प्राणी आणल्यास काही आठवडे वेगळ्या टाकीत ठेवून पाहावा. बदललेले खारे पाणी झाडांना घालू नये. जमीन खारवते, आणि आपल्या भागात जमीनही मोलाची आहे, पाणीही.

खडकावर पहिले फूल दिसेल, त्याच दिवशी चुना कालवा. हराळीला पहिल्या वर्षी सवलत दिली की पुढे किती वर्षे बांध खणावा लागतो, हे इथे कुणाला सांगायला नको.