काही नाही तिथे बघण्यासारखं?

गेल्या वर्षी मे महिन्यात कंपनीच्या कामासाठी दोन आठवडे रोमानियातल्या क्लूज शहरात होतो. शनिवारी तिथल्या टीममधल्या एका सहकाऱ्याने मला गाव दाखवलं. मोठ्या चौकातलं गॉथिक चर्च, त्याच्यासमोर घोड्यावर बसलेल्या मात्याश राजाचा पुतळा, आणि जवळच्या गल्लीत तो राजा १४४३ साली जिथे जन्मला ते घर. गंमत म्हणजे राजा हंगेरीचा आणि गाव आज रोमानियात. पहिल्या महायुद्धानंतर सीमा हलली, माणसं आणि चर्च जागेवरच राहिली. रोमानियन लोक गावाला क्लूज म्हणतात, हंगेरियन लोक कोलोझ्वार, जर्मन लोक क्लाउझेनबर्ग. सहकारी ऑफिसात रोमानियन बोलत होता आणि आजीशी फोनवर हंगेरियन. जेवायला कोबीच्या पानात गुंडाळलेला खिमा आणि शेजारी मक्याच्या पिठाचा घट्ट पिवळा गोळा. त्याला 'मामालिगा' म्हणतात. पहिल्याच घासाला मला घरच्या ज्वारीच्या कण्या आठवल्या.

जेवताना त्याने विचारलं, "आणि तुझं गाव कसं आहे?"

मी म्हणालो, "आदिलाबाद. लहान आहे. काही नाही तिथे बघण्यासारखं."

हे वाक्य परतीच्या विमानात मला टोचत राहिलं. त्याच्या गावाची जी गोष्ट मी तोंडात बोट घालून ऐकली, ती शब्दशः माझ्या गावाचीही आहे. फक्त मी ती कधी कुणाला सांगितली नव्हती. पुण्यात बीई करताना मुलं मला 'तेलुगू' म्हणायची आणि हैदराबादला नोकरीला लागल्यावर मी 'मराठीवाला' झालो. दोन्हीकडे समजावत बसण्यापेक्षा 'हैदराबादचा' एवढं सांगून मोकळं होणं सोपं होतं.

म्हणून गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तिघं, मी, बायको आणि आठ वर्षांची लेक, तीन दिवस आदिलाबादला गेलो. नातेवाईक म्हणून नाही, पर्यटक म्हणून.

निर्मळ आणि कुंतला

आपल्या मंडळातल्या बहुतेकांनी हा रस्ता पाहिलेला आहे. नागपूरला जाताना राष्ट्रीय महामार्ग ४४ वरून आपण भरधाव जातो. आदिलाबाद शहर बाजूला राहतं आणि पैनगंगेचा पूल आला की 'चला, महाराष्ट्र लागला' म्हणतो. हैदराबादपासून आदिलाबाद साधारण ३०० किलोमीटर. न थांबता गेलात तर दुपारच्या जेवणाला पोहोचाल, पण तसं करू नका.

गोदावरी ओलांडली की निर्मळ येतं. इथली लाकडी खेळणी प्रसिद्ध आहेत. पोनिकी नावाचं अगदी हलकं लाकूड कोरून त्याचे भाग जोडतात. जोडायला आणि लिंपायला चिंचोक्याची खळ आणि लाकडाचा भुसा, आणि वर रंग. फळांच्या टोपलीतला पेरू लेकीने खरा समजून उचलला आणि तो हाताला इतका हलका लागला की ती दचकली. वर तिने मला दुरुस्तही केलं, "बाबा, निर्मळ नाही, निर्मल." शाळेत तिला हिंदी आहे, त्यामुळे देवनागरी वाचता येते. पण 'ळ' तिच्या ओळखीचा नाही. मी सोडून दिलं.

पुढे नेरडीगोंडाहून १२ किलोमीटर आत कुंतला धबधबा आहे. कडेम नदी इथे सुमारे दीडशे फूट खाली उडी घेते. तेलंगणातल्या उंच धबधब्यांपैकी हा एक. नाव शकुंतलेवरून पडलं असं इथले लोक सांगतात. पायऱ्या खूप आहेत, उतरताना कळत नाही, चढताना कळतं. एक गोष्ट कळकळीने सांगतो, डोहात उतरू नका. खडक शेवाळलेले असतात आणि इथे कुणीतरी बुडाल्याची बातमी आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. काठावर बसूनही तुषार अंगावर येतात, तेवढं पुरे.

आत्याच्या घरी

संध्याकाळी आत्याच्या घरी पोहोचलो. आत्या सरकारी मराठी माध्यमाच्या शाळेत शिक्षिका होती. होय, तेलंगणात मराठी माध्यमाच्या सरकारी शाळा आहेत. दारातच तिने "काऊन रे, एवढा उशीर?" म्हणून ओवाळलं आणि पान वाढलं. ज्वारीची भाकरी, लसणाची फोडणी दिलेली अंबाडीची भाजी, हिरव्या मिरचीचा ठेचा, आणि भातावर चिंचेचा पातळ चारू.

हे ताट म्हणजेच आदिलाबाद. अंबाडी मराठवाड्यातली म्हणावी, तर तीच इथे गोंगूरा म्हणून तेलुगू घरात असते. चारू तेलुगू म्हणावा, तर त्याशिवाय इथल्या मराठी घरात भात जेवत नाहीत. लहानपणी आम्हाला यात दोन भाषा आहेत हे माहीतच नव्हतं. ते जेवण होतं.

जेवताना आत्याने १९५६ ची गोष्ट काढली. माझ्या आजीचं माहेर किनवटचं. लग्न झालं तेव्हा किनवट आणि आदिलाबाद एकाच जिल्ह्यात, निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. १९४८ साली संस्थान भारतात आलं. १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार राज्यं झाली, तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा तालुके आणि बोथ तालुक्यातलं इस्लापूर मंडल मुंबई राज्याकडे गेलं. उलट नांदेड जिल्ह्यातल्या मुधोळ तालुक्यातला मुधोळ, भैंसा, कुबीरचा भाग आंध्र प्रदेशात, म्हणजे आमच्या आदिलाबादेत आला. आजी एका रात्रीत परराज्यातली सून झाली.

"मग आजीने काय केलं?" लेकीने इंग्रजीत विचारलं.

"काय करणार? दिवाळीला माहेरी गेली," आत्या मराठीत म्हणाली.

रेघ ओढणं किती अवघड असतं, याचा पुरावा आजही आहे. केरामेरी आणि जिवती यांच्यामधल्या डोंगरात परमडोली, अंतापूर, मुकदमगुडा अशी काही गावं आहेत, ज्यांच्यावर तेलंगणा आणि महाराष्ट्र दोघांचाही दावा आहे. तिथल्या लोकांकडे दोन्ही राज्यांची रेशनकार्डं असतात आणि ते दोन्हीकडे मतदान करतात.

कापूस, सीताफळं आणि जैनथ

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजार समितीत गेलो. काळ्या जमिनीचा हा जिल्हा कापसावर जगतो. दिवाळीच्या सुमाराला नवा कापूस येऊ लागतो. बैलगाड्या, ट्रॅक्टर, टेम्पो, सगळे पांढरे. रांगेतल्या शेतकऱ्यांत एकच विषय होता, ओलावा. कापसात ओल जास्त भरली की भाव पडतो. ही काळजी तेलुगू, मराठी, गोंडी, दखनी, सगळ्या भाषांत सारखीच ऐकू येत होती.

बाजारात टोपलीभर सीताफळं घेऊन एक बाई बसली होती. आधीच्या गिऱ्हाइकाशी तेलुगूत बोलली, माझ्याशी मराठीत, शेजारणीशी गोंडीत. लेकीने हळूच विचारलं, "बाबा, यांना किती लँग्वेजेस येतात?" मी तोच प्रश्न बाईंना विचारला. त्यांनी टोपली सारखी केली आणि म्हणाल्या, "इकाया लागतात तेवढ्या."

त्या दिवशी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. आदिलाबादेत मराठी कानांना सगळीकडे भेटते, डोळ्यांना फारशी नाही. पाट्या तेलुगूत, इंग्रजीत, उर्दूत. मराठी मात्र चहाच्या टपरीवर, देवळातल्या हरिपाठात, लग्नघरात. क्लूजच्या वेशीवर गावाची तिन्ही नावं लिहिलेली आहेत. आमच्याकडे तसं काही नाही.

दुपारी जैनथला गेलो. शहरापासून सुमारे २० किलोमीटर. काळ्या दगडाचं लक्ष्मीनारायणाचं जुनं देऊळ, कार्तिकात इथे मोठी यात्रा भरते. माळव्याच्या परमार घराण्यातल्या जगद्देवाच्या काळातला शिलालेख याच गावात सापडला. म्हणजे नऊशे वर्षांपूर्वीही हा भाग कुणा एकाचा कोपरा नव्हता, उत्तरेकडून आणि दक्षिणेकडून येणाऱ्यांच्या वाटेवर होता. देवळात गर्दी नव्हती. गार फरशीवर आम्ही बराच वेळ नुसते बसलो.

दंडारी पाहिली

तिसऱ्या दिवशी गुडीहत्नूरहून इंद्रवेल्लीकडे वळलो. इथून गोंडांचा मुलूख सुरू होतो. दिवाळीचे दिवस म्हणजे दंडारीचे दिवस. एका गावचे लोक नाचत-वाजवत दुसऱ्या गावी पाहुणे म्हणून जातात, तिथे मुक्काम करतात, सोयरिकीसुद्धा जुळतात. त्यातले गुसाडी डोक्यावर मोरपिसांचा भला मोठा टोप घालतात, अंगाला राख लावतात, हातात काठी असते. ढोल आणि पेपरे वाजू लागले की मुलं आधी घाबरतात आणि मग त्यांच्या मागे धावतात. आमचीही धावली. मार्लवाईचे कनक राजू यांना याच नृत्यासाठी २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली होती. २०२४ मध्ये ते गेले. फोटो काढण्याआधी विचारा. हा देखावा नाही, त्यांचं देवकार्य आहे.

तिथून जवळच केस्लापूर. नागोबाचं ठाणं. पुष्य अमावास्येला, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत, इथे मेस्राम कुळातले गोंड दूरवरून पायी गोदावरीचं पाणी आणून पूजा करतात. कुळात नव्याने आलेल्या सुनांची नागोबाशी ओळख करून देतात, त्याला 'भेटिंग' म्हणतात. आपल्याकडे नव्या सुनेला कुलदैवताला नेतात, तसंच. यात्रेत दरबारही भरतो. १९४० साली जोडेघाटला कोमरम भीम लढता लढता मारले गेले. 'जल, जंगल, जमीन' हा त्यांचा घोष. त्यानंतर निजाम सरकारने गोंडांचा असंतोष समजून घेण्यासाठी व्हिएन्नात जन्मलेल्या हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाला इकडे पाठवलं. तो मार्लवाईत राहिला, गोंडी शिकला आणि यात्रेत अधिकाऱ्यांनी लोकांची गाऱ्हाणी ऐकायची, ही प्रथा त्याने पाडली.

उटनूरला मोहाचे लाडू घेतले. वाळवलेली मोहाची फुलं, शेंगदाणे, तीळ आणि गूळ. पहिला घास थोडा उग्र लागतो, दुसरा नाही.

गुंजाळा आणि 'ळ'

उटनूरच्या पुढे नारनूर मंडलात गुंजाळा नावाचं गाव आहे. वेळ कमी पडला म्हणून गेलो नाही, पण त्याची गोष्ट मी गाडीतच लेकीला सांगितली, कारण ती माझ्या धंद्याची आहे. २००६ मध्ये हैदराबाद विद्यापीठाच्या अभ्यासकांना, प्रा. जयधीर तिरुमल राव यांच्या गटाला, या गावात गोंडी भाषेची जुनी हस्तलिखितं मिळाली. लिपी वेगळीच होती, तेलुगू नाही, देवनागरी नाही. ती वाचू शकणारी फक्त चार-दोन म्हातारी माणसं उरली होती. त्यांच्याकडून ती शिकून घेतली गेली, मुलांसाठी पुस्तकं झाली आणि २०१८ मध्ये 'गुंजाळा गोंडी' युनिकोडमध्ये आली. म्हणजे आता ती मोबाईलवर टाइप करता येते. मी फोनवर तो फाँट उघडून दाखवला.

ती बराच वेळ अक्षरं बघत राहिली. मग म्हणाली, "ती म्हातारी माणसं आधीच गेली असती तर?"

मला उत्तर देता आलं नाही. गोंडी बोलणारे तर लाखो होते. बोलणारे होते म्हणून भाषा राहिली, पण वाचणारे संपत आले होते म्हणून कागद मुके झाले होते. आणि माझ्या घरात काय चाललंय? आमची मुलगी मराठी समजते, उत्तर इंग्रजीत देते, वाचत नाही. आत्याची शाळा अजून आहे, पण आता वर्गात मुलं थोडी असतात, असं ती सांगत होती. आईवडील मुलांना इंग्रजी माध्यमात घालतात. त्यांना दोष कसा देऊ? मीही तेच केलं आहे.

निघायच्या आधी पुन्हा आत्याकडे चहा झाला. बायकोने अंबाडीच्या भाजीची कृती मागितली. आत्याने आपली जुनी वही लेकीच्या हातात दिली, "तू वाच, आई लिहून घेईल." लेक अडखळत वाचू लागली. 'डाळ'पाशी थांबली. मग 'गूळ'पाशी. आत्याने पेन्सिल घेतली आणि वहीच्या कोपऱ्यात एक मोठा 'ळ' काढला. लेकीने त्याच्याखाली पाच वेळा गिरवला. पाचवा बराच बरा होता.

जाणाऱ्यांसाठी

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. धबधब्यात पाणी हवं असेल तर दिवाळीच्या आधी, नागोबा बघायचा असेल तर पुष्य अमावास्येला. स्वेटर न्या, तेलंगणातली सर्वांत कडाक्याची थंडी इथेच पडते. स्वतःची गाडी सोयीची. मुंबईकडच्या पाहुण्यांना नंदिग्राम एक्स्प्रेस आहे. मुलांची अक्षरओळख व्हायची असेल तर वाट थोडी वाकडी करून गोदावरीकाठच्या बासरच्या सरस्वतीला जा. ओतीव धातूच्या डोकरा मूर्ती आवडत असतील तर एक दिवस वाढवून उशेगाव गाठा. आणि शहरात मराठीत बोला. समोरचा मराठीतच उत्तर देण्याची शक्यता बरीच आहे.

घरी आल्यावर मी क्लूजच्या सहकाऱ्याला फोटो पाठवले. कुंतला, कापसाच्या गाड्या, मोरपिसांचे टोप, आत्याचं ताट. खाली लिहिलं, "तू माझ्या गावाबद्दल विचारलं होतंस. मी तेव्हा चुकीचं उत्तर दिलं."

त्याचा लगेच प्रश्न आला, ताटातला तो पिवळसर तुकडा मामालिगा आहे का? ती ज्वारीची भाकरी आहे, असं मी कळवलं. तो पुढच्या हिवाळ्यात यायचं म्हणतोय. आत्याला सांगितलं, तर ती म्हणाली, "येऊ दे. पण त्याच्याशी बोलायचं कोणत्या भाषेत?"

लेक म्हणाली, "मी आहे ना." मराठीत म्हणाली.