नाव जुने, नौका नवी

आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. आरमारातही तीच चाल आढळते. नौका मोडीत निघते, परंतु तिचे नाव राखून ठेवले जाते आणि काही वर्षांनी तेच नाव धारण करून दुसरी नौका पाण्यात उतरते. 'नौकेला मरण नसते' असे दर्यावर्दी म्हणतात ते याच अर्थाने. एका वेळी दोन नौका मात्र एका नावाने वावरू शकत नाहीत. आधीची सेवेतून गेल्यावाचून नाव मोकळे होत नाही.

'विक्रांत' हे सर्वपरिचित उदाहरण होय. ४ मार्च १९६१ रोजी नौदलात दाखल झालेली ही विमानवाहू नौका ३१ जानेवारी १९९७ रोजी निवृत्त झाली. पुढे काही वर्षे मुंबई बंदरात ती संग्रहालय म्हणून उभी होती. तिचे कायमचे स्मारक व्हावे, ही अनेकांची इच्छा फळास आली नाही आणि २०१४ मध्ये दारूखान्यात ती तोडण्यास आरंभ झाला. मात्र २ सप्टेंबर २०२२ रोजी कोची येथे बांधलेली नवी 'विक्रांत' सेवेत आली, ती जुना 'आर ११' हा क्रमांक आणि ऋग्वेदातील जुने बोधवाक्य घेऊनच.

मुंबईच्या माझगाव गोदीने २०१७ ते २०२५ या काळात नौदलास दिलेल्या सहाही पाणबुड्यांना पूर्वीच्या सोव्हिएत बनावटीच्या पाणबुड्यांची नावे आहेत. त्यांतील 'खांदेरी' हे नाव महाराष्ट्राला विशेष जवळचे. थळच्या समुद्रातील खांदेरी बेटावर शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये दुर्ग बांधावयास घेतला, तेव्हा मुंबईकर इंग्रजांनी तो होऊ नये म्हणून लढून पाहिले. पण मायनाक भंडारी आणि दौलतखान यांच्यापुढे त्यांचे काही चालले नाही.

विजयाची नावे पुन्हा ठेवावीत, यात नवल नाही. बुडालेल्या नौकेचे नाव ठेवावे काय? घरातील अपमृत्यूचे नाव बाळाला ठेवताना आपण कचरतो. नौदल कचरले नाही. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवपासून सुमारे ४० सागरी मैलांवर पाकिस्तानी पाणबुडी 'हंगोर'च्या पाणतीरांनी 'खुकरी' बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक कामी आले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी आपली नौका सोडली नाही. त्यांना मरणोत्तर महावीरचक्र देण्यात आले. युद्ध आपण जिंकले, तरी ही हानी नौदलाच्या जिव्हारी लागली.

अठरा वर्षांनी, २३ ऑगस्ट १९८९ रोजी, माझगाव गोदीत बांधलेल्या क्षेपणास्त्रधारी नौकेस 'खुकरी' हेच नाव देण्यात आले. त्या वर्गातील पहिलीच नौका ती. त्यामुळे संपूर्ण वर्गच 'खुकरी वर्ग' म्हणून ओळखला गेला. ज्या नावाबरोबर १९४ जण गेले, त्याच नावाखाली नव्या पिढीचे नौसैनिक बत्तीस वर्षे पहारा देत राहिले.

ही दुसरी 'खुकरी' २३ डिसेंबर २०२१ रोजी विशाखापट्टणम येथे निवृत्त झाली. तिला मोडीत न काढता २६ जानेवारी २०२२ रोजी संग्रहालयासाठी दीवच्या प्रशासनाकडे सोपविण्यात आले. पहिल्या 'खुकरी'चे स्मारकही दीवलाच, समुद्राकडे तोंड करून उभे आहे.