वसुलीच्या वाटेवरचा धबधबा

कापडाच्या व्यापाऱ्याला सफर नवी नाही. आम्ही स्वतः गेली तीसहून अधिक वर्षे अकोल्याहून लाईनवर जात आहोत. अकोट, अंजनगाव सुर्जी, परतवाडा, अमरावती, मूर्तिजापूर आणि परत अकोला, अशी आमची फेरी. कोणत्या नाक्यावर चहा चांगला मिळतो, कोणता दुकानदार बोहनी होण्याआधी पैशाचे नाव काढू देत नाही, हे सर्व आम्हाला तोंडपाठ आहे. पण अकोट सोडल्यापासून परतवाड्यापर्यंत रस्त्याच्या उत्तरेला सातपुड्याचा जो निळा डोंगर सोबत चालतो, तो मात्र आम्ही कित्येक वर्षे गाडीच्या खिडकीतूनच पाहिला. उर्दू शाळेत जुगराफियाच्या तासाला मास्तरांनी चिखलदऱ्याचे नाव पाठ करून घेतले होते. परीक्षेत ते लिहिले, मार्क मिळाले, आणि तो विषय तिथेच संपला.

आमच्यासारखे व्यापारी बंधू पुष्कळ आहेत. डोंगर पाहायला जाणे म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग, अशी आपली समजूत. एका पावसाळ्यात ही समजूत कशी मोडली, आणि त्यात आमचा व्यापारी म्हणूनही कसा फायदा झाला, ते आज सांगावयाचे आहे.

पुलावर पाणी, पिशवीत नोटीस

काही वर्षांपूर्वीचा ऑगस्ट महिना. आम्ही आणि आमचा मोठा मुलगा वसुलीसाठी परतवाड्यास गेलो होतो. तिथल्या एका दुकानदाराकडे दोन हंगामांची उधारी थकली होती. रक्कम एक लाख चाळीस हजार. वीस वर्षांचे जुने खाते. मुलाचे म्हणणे, खाते बंद करावे, माल थांबवावा आणि वकिलाची नोटीस द्यावी. नोटीस टाइप करून पिशवीत तयार होती. आमचे मन धजत नव्हते, पण मुलाच्या बोलण्याला उत्तरही सापडत नव्हते. व्यापारात लिहाज किती ठेवावा यालाही मर्यादा असते.

दुकानदाराने नेहमीप्रमाणे चहा पाजला आणि पैशाच्या गोष्टीवर मान खाली घातली. नोटीस काढावी की काढू नये या विचारात संध्याकाळ झाली. रात्रभर पाऊस कोसळला. सकाळी निघण्याच्या तयारीत असताना तोच दुकानदार लॉजवर आला आणि म्हणाला, "शेठ, आता कुठी जाता? अंजनगावच्या रोडवर नाल्याच्या पुलावरून पानी जाऊन रायलं. दुपारलोक काई उतरत नाई. पाऊस थांबला हाये, चला तुमाले चिखलदरा दाखवतो."

मुलगा आमच्याकडे पाहू लागला. ज्याला नोटीस द्यायची त्याच्याबरोबर सैर करायची? पण लॉजच्या खोलीत बसून तरी काय करणार होतो? आम्ही निघालो.

घाट चढताना

परतवाड्याहून चिखलदरा सुमारे तीस किलोमीटर. एक रस्ता धामणगाव गढीवरून जातो, दुसरा घटांगवरून. आम्ही घटांगच्या रस्त्याने गेलो. शेते मागे पडली आणि सागाचे जंगल सुरू झाले. वळणावळणावर कड्यांवरून पाण्याच्या पांढऱ्या धारा लोंबत होत्या. खाली मैदानात ज्या पावसाने आमचा रस्ता अडवला होता, तोच इथे असा दिसत होता.

चिखलदरा समुद्रसपाटीपासून १,११८ मीटर उंचीवर आहे. सन १८२३ मध्ये हैदराबादच्या फौजेतील कॅप्टन रॉबिन्सन या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस ही जागा आली, असे सांगतात. पुढे इंग्रजांनी इथे कॉफीची लागवड केली, आणि ती झाडे आजही आहेत. उन्हाने भाजणाऱ्या वऱ्हाडात कॉफी पिकते, हे आमच्या मुलाला झाड पाहीपर्यंत खरे वाटले नाही.

भीमकुंडावर पोहोचलो तेव्हा समोर फक्त धुके होते. पाण्याचा आवाज येत होता, पाणी दिसत नव्हते. कठड्याला धरून दहा मिनिटे उभे राहिलो. मग वाऱ्याने धुके बाजूला केले आणि समोरच्या काळ्या कड्यावरून खोल दरीत पडणारा धबधबा दिसला. पाणी खाली पोहोचण्याआधीच त्याचा धुरळा होऊन परत वर येत होता. पाचदहा श्वास घेतले असतील नसतील, तोच पडदा पुन्हा बंद झाला. कोणी काही बोलले नाही. आमचा मुलगा, जो गाडीत पूर्ण वेळ मोबाईलवर हिशेब करत होता, तो मोबाईल खिशात ठेवून पुढचे धुके हटण्याची वाट पाहत राहिला.

भीमाने कीचकाला मारून याच दरीत टाकले आणि या कुंडात हात धुतले, अशी तिथली आख्यायिका आहे. कीचकदऱ्याचे चिखलदरा झाले, असे लोक सांगतात.

तिथून आम्ही देवी पॉइंटवर गेलो. कपारीत देवीचे ठाणे आहे आणि खडकातून पाणी सतत पाझरत असते. आमच्या सोबत्याने हात जोडले आणि मग बोट दाखवून सांगितले की ही चंद्रभागा इथेच उगम पावते. खाली उतरून ती दर्यापूरवरून जाते आणि पूर्णेला मिळते. पूर्णा पुढे चांगदेवजवळ तापीला मिळते. आणि तापी कुठे जाते, हे कापडवाल्याला सांगावे लागत नाही. ती सुरतेला जाते, जिथून आमच्या साड्यांचे गठ्ठे येतात. आमचा माल सुरतेहून वर येतो आणि आमच्या डोंगराचे पाणी सुरतेला खाली जाते, हा विचार इतक्या वर्षांत आमच्या मनाला शिवला नव्हता.

पूर्णेच्या दोन्ही बाजूंचा बराच मुलूख खारपाणपट्टा आहे. विहीर खणली तर पाणी खारट लागते. तिथला कापूस आभाळाच्या भरवशावर उभा असतो आणि पिण्याचे गोड पाणी डोंगरातल्या नदीवर बांधलेल्या धरणांतून येते. अकोट-तेल्हाऱ्याकडच्या कितीतरी खेड्यांचा जीव वान धरणावर आहे. म्हणजे ज्या डोंगराकडे आम्ही पाठ करून दुकानदारी केली, त्याच्याच पाण्यावर आमची गिऱ्हाइकी जगत होती.

रबडीच्या दुकानातला हिशेब

चिखलदऱ्याची रबडी आणि खवा प्रसिद्ध आहे. मेळघाटातल्या गवळ्यांचे दूध त्याला लागते. गाविलगडाचे नावही गवळ्यांवरूनच पडले, असे म्हणतात. पावसात भिजून आम्ही एका टपरीत बसलो. तिथे दुकान नव्हते, वही नव्हती, नोकर नव्हते, दुसरे गिऱ्हाईक ऐकत नव्हते. दुकानदार आपणहून बोलू लागला.

त्याने सांगितले की त्याचे निम्मे गिऱ्हाईक मेळघाटातले कोरकू लोक आहेत. खरिपाची पेरणी झाली की श्रावण-भादव्यात त्यांच्या हातात पैसा नसतो. पीक निघाले की थोडा येतो. दिवाळीनंतर पुष्कळ कुटुंबे मजुरीसाठी बाहेर जातात आणि होळीला परत येतात. होळी हा त्यांचा सर्वांत मोठा सण. त्या आठ दिवसांत बाजार कपड्याने भरतो आणि रिकामा होतो. आम्ही मात्र त्याला माल देत होतो जूनमध्ये, लग्नसराईचा उरलेला, आणि मुदत साठ दिवसांची. म्हणजे पैसे मागायला आम्ही ऑगस्टमध्ये येणार, जेव्हा त्याच्या गल्ल्यात चिल्लरसुद्धा नसते. शिवाय आम्ही शहरात चालणाऱ्या फिक्या शेडच्या साड्या पाठवत होतो. त्याच्या गिऱ्हाइकाला गडद रंग आणि टिकाऊ सूत पाहिजे.

"मग इतकी वर्षे बोलला का नाहीस भाऊ?" आम्ही विचारले.

तो म्हणाला, "शेठ, तुमी येता, वही उघडता. वही उघडली का माह्यं तोंड बंद होते."

व्यापारी बंधूंनो, हे वाक्य आम्हाला नोटिशीपेक्षा जास्त लागले. वीस वर्षे आम्ही त्याच्या दुकानात गेलो, पण त्याचे गिऱ्हाईक कोण, ते कुठे राहते, त्याच्या हातात पैसा कधी येतो, हे एकदाही विचारले नाही. विचारायला वेळ कुठे होता? पुढच्या गावाची वसुली बाकी होती ना!

परत येताना घाटात मुलगाच म्हणाला, "अब्बा, नोटीस राहू द्या." त्या वर्षी आम्ही जूनचा न खपलेला माल वटाव कापून परत घेतला. जानेवारीत गडद रंगांचा नवा माल दिला आणि मुदत होळीनंतर पंधरा दिवसांची ठेवली. सारे पैसे एका फटक्यात आले असे मात्र नाही. पहिल्या होळीला निम्मे आले, काही दिवाळीला, आणि शेवटचे वीस हजार दुसऱ्या होळीला. पण खाते चालू राहिले आणि आजही चालू आहे.

अकोल्याकडून नरनाळा

त्या दिवसापासून आम्ही नियम केला की प्रत्येक फेरीत अर्धा दिवस मोकळा ठेवायचा. अकोल्याच्या बाजूला अकोटपासून सुमारे वीस किलोमीटरवर, शहानूर गावाच्या वर, नरनाळा किल्ला आहे. त्याच्या महाकाली दरवाजावरील कोरीव लेख सन १४८७ चा आहे. १४९० ते १५७४ या काळात वऱ्हाडवर एलिचपूरच्या, म्हणजे आजच्या अचलपूरच्या, इमादशाहीचे राज्य होते. नरनाळा आणि गाविलगड हे तिचे दोन खांदे.

हे किल्ले पाहताना आम्हाला भिंतींपेक्षा पाण्याची व्यवस्था जास्त थोर वाटली. नरनाळ्यावर शक्कर तलाव आहे, दगडात बांधलेली टाकी आहेत. डोंगरावर पडलेला पाऊस वाहून जाऊ न देता वर्षभर पुरवायचा, हे ज्या कारागिरांना जमले, ते मोठे हिशेबी लोक असले पाहिजेत. गाविलगड सन १४२५ मध्ये अहमदशाह बहामनीने बांधला आणि १५ डिसेंबर १८०३ रोजी इंग्रज सेनापती वेलस्लीने तो जिंकला. अकबराच्या काळातील आईन-ए-अकबरीत अबुल फज्लने या गडावरील एका झऱ्याची नोंद केली आहे. त्या झऱ्याच्या पाण्यात पोलादी हत्यारांना पाणी देत असत. हत्याराला पाणी देणे म्हणजे काय, हे आमच्या लोहार बांधवांना सांगायला नको. त्या काळी डोंगरातला झरासुद्धा कारागिराच्या उपयोगाचा होता आणि इतिहासकार त्याची दखल घेत होता.

कारागिरांसाठी आजही इथे विचार करण्यासारखे आहे. पावसाळ्यात शनिवार-रविवारी चिखलदऱ्याला अमरावती-अकोल्याहून शेकडो गाड्या येतात. लोक पातळ शर्टात येतात आणि थंडीने कुडकुडत शाल, टोपी, छत्री शोधतात. जे मिळते ते बहुतेक प्लास्टिकचे आणि बाहेरून आलेले असते. एके काळी अकोट आणि बाळापूर इथल्या सतरंज्यांना नाव होते. लहान आकाराची, गाडीत अंथरता येईल अशी सुती सतरंजी कोणी विकायला ठेवली, तर गिऱ्हाईक मिळेल असा आमचा अंदाज आहे. अंदाज चुकूही शकतो, पण दहा नग ठेवून पाहायला भांडवल लागत नाही.

जाणाऱ्यांसाठी काही सूचना

(१) धबधबे पाहायचे तर जुलै ते सप्टेंबर. उन्हाळ्यात हवा थंड मिळेल, पण बहुतेक धारा आटलेल्या असतात.

(२) परतवाड्याजवळ मुक्तागिरी आहे, हद्दीपलीकडे मध्य प्रदेशात. जैन बांधवांचे हे मोठे तीर्थ असून ५२ मंदिरांच्या शेजारी धबधबा पडतो. तिथे तीर्थाचे नियम पाळावेत.

(३) मेळघाट १९७३-७४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे आणि नरनाळाही वनखात्याच्या ताब्यात आहे. आत जाण्याची वेळ व परवाना आधी विचारून घ्यावा. जंगलात प्लास्टिक टाकू नये.

(४) वान नदीवर वारी भैरवगडजवळचे डोह वरून शांत दिसतात, पण आत खोल आहेत. पाण्यात उतरू नये. पुलावरून पाणी जात असेल तर गाडी घालू नये. वसुली चार तासांनी झाली तरी चालते.

(५) घाटात धुके असते, दिवे लावून सावकाश चालवावे. मोबाईलची रेंज जागोजागी जाते, म्हणून घरी आधी कळवून ठेवावे आणि थोडी रोकड जवळ असू द्यावी. वसुलीची मोठी रक्कम मात्र बँकेत भरूनच डोंगर चढावा.

(६) शक्य असेल तर एकटे जाऊ नये. ज्या गावात खाते आहे तिथल्या दुकानदाराला सोबत घ्यावे. गाडीत वही उघडू नये.

या शेवटच्या सूचनेसाठीच हा लेख लिहिला, असे समजावे. गेल्या पावसाळ्यात आमचा मुलगा लाईनवर एकटा गेला होता. रात्री फोन आला. आम्ही विचारले, "वसुली किती झाली?" तो म्हणाला, "उद्या सांगतो अब्बा, आज भीमकुंडावर धुके फार होते, थांबावे लागले." आम्ही रागावलो नाही. सोबत कोण होते, एवढेच विचारले.